प्रिंटरचा पत्ता : बँकेच्या शाखेपासून घरातल्या वाय-फायपर्यंत



आपल्या या पानावर काचीगुडा-सुलतान बाजारातल्या जुन्या घरांवर, विवेकवर्धिनीवर, गणेशोत्सवातल्या मेळ्यांवर बरंच लिहून झालं आहे. आज जरा वेगळा विषय घेतो. आता बहुतेकांच्या घरी एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर असतो. दर दोन-चार महिन्यांनी तो प्रिंटर 'ऑफलाइन' होऊन बसतो. मुलं बंगळूरला, नाहीतर अमेरिकेत. मग पेन्शनचा हयातीचा दाखला छापायला आपण कॉलनीच्या टोकाला झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि घरातलं यंत्र धूळ खात राहतं.

यातल्या बऱ्याच वेळा प्रिंटर बिघडलेला नसतो. त्याचा पत्ता चुकलेला असतो. यंत्रांना पत्ते केव्हा आले, का आले, आणि ते सांभाळायचे कसे, हे सांगण्यासाठी हा लेख. मी कॉमर्सचा पदवीधर, इंजिनिअर नव्हे. पण ३४ वर्षं बँकेत काढली. लेजर हातानं लिहिण्यापासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं डोळ्यांसमोर घडलं. निवृत्तीनंतर वेळ होता, तेव्हा मागचा इतिहासही वाचला.

आधी पत्ता म्हणजे काय ते. हैदराबादकरांना हे समजावणं सगळ्यात सोपं. आपल्या घरांचे नंबर कसे असतात? तीन-चार-अमुक बाय अमुक. पहिला आकडा वॉर्डाचा, दुसरा ब्लॉकचा, तिसरा घराचा. काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा, हिमायतनगर इकडचे नंबर ३ ने सुरू होतात, सुलतान बाजारचे ४ ने. पुण्या-मुंबईचे पाहुणे हा नंबर बघून गोंधळतात. पोस्टमन मात्र पहिल्या दोन आकड्यांवरून टपालाचा गठ्ठा लावतो आणि शेवटच्या आकड्यावरून दार ठोठावतो. कॉम्प्युटरचा आयपी पत्ता नेमका याच चालीचा आहे. १९२.१६८.१.५० असा चार आकड्यांचा. घरच्या नेटवर्कात साधारणपणे पहिले तीन आकडे मोहल्ल्याचे आणि शेवटचा घराचा. मोहल्ला कुठे संपतो आणि घर कुठे सुरू होतं हे सांगणारा दुसरा एक आकडा असतो, २५५.२५५.२५५.०. त्याला सबनेट मास्क म्हणतात. एवढं ध्यानात ठेवा, पुढचं आपोआप उलगडेल.

आता इतिहास. बँकांत यंत्रं आली ती भांडणांतून आली. 'कॉम्प्युटर आला की नोकऱ्या जाणार' ही भीती खोटी नव्हती. घरात एकटा कमावता असणाऱ्या कारकुनाला ती रात्री झोपू देत नसे. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीचा अहवाल आला. त्यानंतर शाखाशाखांत 'एएलपीएम' नावाची यंत्रं दिसू लागली. ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र, बस्स. प्रत्येक यंत्र सुटं, आणि त्याच्या बाजूला कर्रर्र कर्रर्र करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. दोघांच्या मध्ये बोटाएवढी जाड केबल, फार तर दोन-तीन मीटरची.

त्या काळी प्रिंटरला पत्ताच नव्हता, कारण तो लागतच नव्हता. केबलच्या एका टोकाला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला प्रिंटर. घराला एकच शेजारी असेल तर घरावर नंबर कशाला हवा? केबल निघाली तर छापाई बंद, केबल लावली की सुरू. दोष शोधायला शिपाईसुद्धा पुरे. अडचण वेगळी होती. पाच यंत्रं तर पाच प्रिंटर. पाचांच्या रिबिनी, पाचांचे कागद, पाचांची देखभाल.

हीच अडचण त्याआधी दहा वर्षं अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत आली होती. तिथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला होता. सेकंदाला एक पान छापणारा, पण अतिशय महाग. प्रत्येक टेबलावर असा प्रिंटर ठेवणं शक्य नव्हतं. टेबलांवर 'आल्टो' नावाचे छोटे कॉम्प्युटर येणार होते. सगळ्या आल्टोंनी एकाच प्रिंटरवर कसं छापायचं? बॉब मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये त्यासाठी एक टिपण लिहिलं. एकच केबल सगळ्या खोल्यांतून न्यायची आणि प्रत्येक यंत्र तिला जोडायचं. त्याला नाव दिलं इथरनेट. डेव्हिड बॉग्स यांच्यासोबत त्यांनी ते उभं केलं. एका केबलवर अनेक यंत्रं आल्याबरोबर पत्ता लागलाच. पहिल्या इथरनेटमध्ये पत्ता आठ बिटांचा होता, म्हणजे २५६ आकड्यांत सगळं गाव मावायचं.

मला ही गोष्ट वाचून मौज वाटली. आज आपण नेटवर्क म्हटलं की इंटरनेट, व्हॉट्सॲप, सिनेमे असं समजतो. पण ऑफिसातलं नेटवर्क जन्माला यायला जी कारणं झाली, त्यातलं एक मोठं कारण म्हणजे एक प्रिंटर दहा जणांत वाटून घ्यायची काटकसर. आपल्या आई-आजींनी एक शिलाई मशीन सगळ्या वाड्यात फिरवलं, त्यातलाच प्रकार.

आज आपण वापरतो तो चार आकड्यांचा आयपी पत्ता सप्टेंबर १९८१ मध्ये कागदावर पक्का झाला. ३२ बिटांचा. त्यात एकूण ४२९ कोटींहून थोडे जास्त पत्ते बसतात. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतलं अर्पानेट हे संशोधकांचं जाळं या पद्धतीवर आलं. यातले आकडे कोणाला कोणते द्यायचे याची यादी वर्षानुवर्षं एका माणसानं सांभाळली, जॉन पोस्टेल. १९७२ सालीच त्यांनी सुचवलं होतं की आकडे वाटायला कोणीतरी एक जण नेमावा, आणि हवं तर ते काम मी करतो. मोठं पद नाही, खुर्ची नाही. एकच आकडा दोघांना जायला नको, एवढीच काळजी. पुढे जॉइस रेनॉल्ड्स या बाई त्यांच्या जोडीला होत्या. १९९८ मध्ये पोस्टेल वारले तोवर इंटरनेट जगभर पोचलं होतं. त्यांचं काम आपल्या बँकेतल्या चेकबुक रजिस्टरवाल्यासारखं. कोणी कौतुक करत नाही, पण एक नोंद चुकली तर दोन माणसांचे चेक एकमेकांच्या खात्यात.

१९९१ च्या सुमाराला प्रिंटरच्या पोटातच नेटवर्कचं कार्ड येऊ लागलं. ह्युलेट पॅकार्डच्या लेझरजेट मालिकेत ते जेटडायरेक्ट नावानं आलं. तेव्हापासून प्रिंटर कोणा एका कॉम्प्युटरचा मिंधा राहिला नाही. त्याला स्वतःचं घर, स्वतःचा नंबर मिळाला.

आता प्रश्न आला की जगातल्या प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येक प्रिंटरला वेगळा नंबर दिला तर ४२९ कोटी पुरतील का? यावर तोडगा निघाला. आधी १९९४ मध्ये आणि मग पक्केपणानं फेब्रुवारी १९९६ मध्ये ठरलं की काही पट्टे खासगी राहतील. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे आणि १९२.१६८ चे. हे कोणीही आपल्या भिंतीच्या आत वापरावेत, बाहेरच्या जगात ते चालणार नाहीत. म्हणून तुमच्या घरी १९२.१६८.१.५० आहे, माझ्याही घरी आहे, आणि दोघांचं भांडण नाही. प्रत्येक कॉलनीत 'गल्ली नंबर १' असते, तसं.

या सुमारास आपल्या हैदराबादचं नाव यात येतं. १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेनं इथे मासाब टँकजवळ आयडीआरबीटी ही संस्था स्थापन केली. बँकांच्या तंत्रज्ञानासाठीच. जून १९९९ मध्ये तिथून 'इन्फिनेट' सुरू झालं, देशभरच्या बँकांना उपग्रहाच्या मार्फत जोडणारं बंदिस्त जाळं. त्यातच केंद्रीय दक्षता आयोगानं बजावलं की १ जानेवारी २००१ च्या आत बँकांनी आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणावा. मग काय, धावपळ. शाखेशाखेत भिंतींना पांढरी पट्टी, तिच्यात निळ्या वायरी, आणि कोपऱ्यात लुकलुकणारा डबा. चेनॉय ट्रेड सेंटरमधली पोरं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शहरभर फिरत होती.

त्या दिवसांतली एक हकिकत सांगतो. माझी तेव्हाची शाखा पेन्शनरांची. महिन्याच्या पहिल्या तारखेला दहाच्या आत शंभर-सव्वाशे माणसं रांगेत. निजामाच्या वेळचे शाळामास्तर, रेल्वेतले फिटर, विधवा बायका. त्यांना पैशाइतकीच पासबुकातल्या छापील ओळीची किंमत. ती दिसली की पेन्शन आली म्हणायची. आमचा पासबुक प्रिंटर एका छोट्या डबीमार्फत नेटवर्कवर होता. एका महिन्यात तो असा वागू लागला की पाच पासबुकं छापायचा आणि सहावं गिळायचा. कॉम्प्युटर म्हणे छापलं, प्रिंटर ढिम्म. लोक चिडले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "साब, मशीनके भरोसे मत छोडो, हाथसे लिख दो." आणि आम्ही खरंच हातानं लिहून सही-शिक्का मारून दिलं.

दोन दिवस दोष सापडेना. प्रिंटर बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली. शेवटी उलगडा झाला तो असा. कर्जाच्या काउंटरवर नवा कॉम्प्युटर बसवताना त्याला प्रिंटरच्या डबीचाच नंबर दिला गेला होता. ज्यानं आधीचे सगळे नंबर दिले होते त्याची बदली झाली होती, आणि नंबर त्याच्या डोक्यात होते. नव्या माणसाला वाटलं हा आकडा मोकळा आहे. त्या नव्या कॉम्प्युटरवर मधूनच इंग्रजीत सूचना झळकत असे, की हा पत्ता आणखी कोणाचा तरी आहे. काउंटरवरचा मुलगा 'ओके' दाबून पुढे जात होता.

यात आत काय घडतं तेही सांगतो. १९८२ मध्ये ठरलेली एक साधी पद्धत आहे. कॉम्प्युटरला प्रिंटरशी बोलायचं असलं की तो आधी सगळ्या नेटवर्कात हाक मारतो, "हा नंबर कोणाचा?" ज्याचा असेल तो आपली कारखान्यातून आलेली कायमची ओळख सांगतो. तिला मॅक ॲड्रेस म्हणतात. मग त्या ओळखीवर काम पाठवलं जातं. एकाच नंबराचे दोघे असले तर दोघेही 'मी, मी' म्हणतात. ज्याचं उत्तर ऐकलं गेलं त्याच्याकडे कागद जाणार. कधी प्रिंटरकडे, कधी कर्जाच्या काउंटरकडे. सहावं पासबुक गिळलं जायचं ते असं.

त्या दिवशी आमच्या एका हेड क्लार्क बाईंनी जे केलं ते मला आजही मोठं वाटतं. त्यांनी कपाटातून एक कोरी लांब वही काढली, रेघा मारल्या आणि वर रकाने लिहिले : अनुक्रमांक, यंत्र, जागा, पत्ता, दिल्याची तारीख, देणाऱ्याची सही. प्रत्येक यंत्राजवळ जाऊन नंबर उतरवून घेतला. वही डिस्पॅच रजिस्टरच्या शेजारी ठेवली. बाईंना नेटवर्कचा 'न' माहीत नव्हता. पण एकच नंबर दोघांना देता कामा नये, आणि दिलेला नंबर लिहिल्याशिवाय दिला असं म्हणता येत नाही, हे त्यांना ड्राफ्टच्या रजिस्टरनं वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. ज्या कारकुनांना 'यंत्र तुमची जागा घेणार' म्हणून भीती घातली होती, त्यांच्याच सवयीनं यंत्र ताळ्यावर आलं. त्यानंतर मी निघेपर्यंत त्या शाखेत असा गोंधळ पुन्हा झाला नाही.

घरी मात्र वही कोण ठेवणार? त्यासाठी १९९३ मध्ये डीएचसीपी नावाची सोय निघाली. यात नंबर वाटायचं काम राउटर करतो. यंत्र चालू झालं की विचारतं, "मला एक नंबर द्या." राउटर मोकळा नंबर देतो, पण कायमचा नाही, मुदतीवर. बऱ्याचदा २४ तासांच्या. म्हणजे भाडेकरार. फोन आणि लॅपटॉपसाठी हे उत्तम, कारण ते कोणाकडे तरी जातात, त्यांच्याकडे कोणी येत नाही. प्रिंटरचं उलट. त्याच्याकडे सगळे येतात. ज्याच्याकडे लोक येतात त्यानं रोज घर बदलून कसं चालेल? वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, प्रिंटरला वेगळा नंबर मिळाला, आणि कॉम्प्युटर जुन्याच दारावर थापा मारत बसला. ऑफलाइन!

कधी प्रिंटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसतो. त्याचा अर्थ, राउटरनं उत्तरच दिलं नाही म्हणून त्यानं स्वतःच तात्पुरता नंबर घेतला. न्यायला कोणी आलं नाही म्हणून काचीगुडा स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसलेला पाहुणा समजा.

आणखी एक प्रकार असतो, आणि तो आपल्याच एका मंडळाच्या कार्यालयात घडला. इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला. दुसऱ्या दिवसापासून प्रिंटर गप्प. देणगीच्या पावत्या, आरोग्य शिबिराचे फॉर्म, सगळं अडलं. बोलावलेला माणूस म्हणाला, "पुराना हो गया साब, नया लेना पडता," आणि १८ हजारांचं कोटेशन ठेवून गेला. वर्गणीचे पैसे. खरं कारण असं, की जुना राउटर १९२.१६८.१ चा होता, नवा १९२.१६८.० चा. प्रिंटरला कोणा मुलानं हातानं १९२.१६८.१.५० बसवलं होतं, आणि तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला. प्रिंटर आपल्या जागी होता, मोहल्ला त्याच्या भोवतीनं निघून गेला होता. नंबर बदलायला दहा मिनिटं लागली. तो प्रिंटर आजही पावत्या छापतो.

हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात. आपल्या आजोबा-वडिलांनी घर सोडलं नव्हतं, पण औरंगाबाद, नांदेड, परभणी एका दिवसात परराज्य झालं. पुढे जमिनीच्या आणि नोकरीच्या कागदांसाठी किती हेलपाटे घातले ते घराघरांत ऐकलेलं आहे. २ जून २०१४ ला पुन्हा राज्य बदललं. ज्यांच्याकडे जुने कागद नीट लावून ठेवलेले होते, त्यांचीच कामं लवकर झाली.

आता घरी काय करायचं ते क्रमानं देतो.

१. प्रिंटरच्या मेनूतून 'नेटवर्क रिपोर्ट' किंवा 'कॉन्फिगरेशन पेज' छापा. त्यावर आयपी ॲड्रेस आणि मॅक ॲड्रेस असतो.

२. कॉम्प्युटरचा पत्ता पाहा. विंडोजमध्ये 'कमांड प्रॉम्प्ट'च्या काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग' असं इंग्रजीत टाइप केलं की दिसतो. साधारण घरी दोघांचे पहिले तीन आकडे सारखे आणि शेवटचा वेगळा हवा.

३. दोघं एकाच वाय-फायवर आहेत का पाहा. एक घरच्या नावावर आणि दुसरा 'गेस्ट'वर असेल तर बहुधा भेट होत नाही.

४. राउटरच्या पानावर जाऊन 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस देऊन एक नंबर राखून ठेवा. मग राउटर प्रिंटरला दरवेळी तोच नंबर देईल. ही सगळ्यात चांगली रीत. हातानंच बसवायचा असेल तर राउटर वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा, पण त्याच मोहल्ल्यातला नंबर घ्या.

५. काळ्या खिडकीत 'पिंग' आणि पुढे तो नंबर टाइप करा. प्रिंटरकडून उत्तर आलं तर रस्ता मोकळा.

६. कॉम्प्युटरवर 'ॲड प्रिंटर'मध्ये जाऊन 'टीसीपी/आयपी ॲड्रेस'नं जोडायचा पर्याय घ्या आणि तोच नंबर द्या.

७. शेवटचं आणि महत्त्वाचं. नंबर, तारीख आणि राउटरचा पासवर्ड कुठे लिहिला आहे, हे घरच्या वहीत लिहा. नंबराची एक चिठ्ठी प्रिंटरच्या पाठीवर चिकटवा.

सातवी पायरी लोक हसून सोडून देतात. पहिल्या सहा कोणीही हुशार भाचा येऊन करून देईल. भाचा परत गेल्यावर उपयोगी पडते ती सातवी. आपल्या बहुतेक मंडळांत, वाचनालयांत आज काम करणारे साठीच्या पुढचे आहेत. कोणता प्रिंटर कुठल्या नंबरावर, सभासदांची यादी कोणत्या फाइलमध्ये, पासवर्ड कोणाकडे, हे एकेका माणसाच्या डोक्यात आहे. माणूस गेला की संस्थेचं दार आतून बंद. येत्या सभेत प्रत्येक संस्थेनं एक 'पत्ता रजिस्टर' घालावं, असं मी सुचवतो. खर्च पन्नास रुपयांची एक वही.

त्या काळी बँकेत, रेल्वेत, टेलिफोन खात्यात, ईसीआयएलमध्ये काम केलेले बरेच जण हे पान वाचतात. तुमच्या ऑफिसात पहिला नेटवर्क प्रिंटर कधी आला, नंबर कोण लिहून ठेवत असे, जरूर लिहा. आणि कोणाचा प्रिंटर आत्ता ऑफलाइन असेल तर नवा घेण्याआधी तो रिपोर्टचा कागद छापून बघा.